द्विभाषिक राज्यातला टेम्पो

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला एक विनोद जन्मभर ऐकावा लागतो. ओळख झाली, आडनाव कळले, की समोरचा हसून म्हणतो, "तमे तो लूटवा आवेला ने?" सन १६६४ आणि १६७० च्या त्या दोन स्वाऱ्यांची उधारी, तापी व्हॅली रेल्वेने बोचकी घेऊन उतरलेल्या आमच्यासारख्या खानदेशी कुटुंबांच्या नावावर अजून लिहिलेली आहे. माझ्या वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, यावर ठरलेले उत्तर देत. "न्यायला नाही आलो भाई, वाहायला आलो. वीस वर्षं तुमचंच कापड वाहतोय."

ते ज्या गाडीतून वाहत होते ती तीन चाकांची मालवाहू गाडी कतारगामच्या आमच्या घरामागच्या वाड्यात वीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. वाडा म्हणजे पुण्याकडचा चौकाचा वाडा नव्हे, गुजराती वाडो, परसदार. गाडीवर शेवग्याच्या शेंगा पडत, मांजरी तिच्यात वीत, आणि शेजारचे भाई दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी न चुकता विचारत, "आ भंगार क्यारे काढवानुं?" सन २०२१ मध्ये घर पाडून नवे बांधायचे ठरले तेव्हा हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. चुलतभावाने भंगारवाल्याला बोलावलेही. त्याने पत्रा हाताने दाबून पाहिला, बोट आरपार गेले, आणि त्याने वजनावर भाव सांगितला. मी आडवा पडलो. शेवटी तोड निघाली ती अशी: पुढच्या दिवाळीपर्यंत इंजिन चालू झाले तर गाडी राहील, नाही तर काट्यावर जाईल.

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. पाना हातात धरायचा कसा इथपासून सुरुवात होती. पण गंज खरवडता खरवडता या गाडीने मला जो इतिहास शिकवला तो मी कधी वर्गात शिकवला नव्हता.

आधी शब्दाविषयी. आमच्या दुभाषी जिल्ह्यांत वाहनांच्या नावांनी पुष्कळ घोटाळे होतात. मराठीत लॉरी म्हटले की दहा टन माल नेणारा ट्रक, आणि सुरतेत लारी म्हटले की भजी विकणारी हातगाडी. नंदुरबारहून नव्याने आलेल्या एका सोयऱ्याला आम्ही निरोप धाडला होता, "लारीवर भेटा." बिचारा ट्रकच्या तळावर दोन तास उभा. पण टेम्पो या शब्दावर दोन्ही भाषांचे एकमत आहे. कोणत्याही कंपनीची असो, तीन चाकांची असो की चार, छोटी मालगाडी ती टेम्पो. "टेम्पो सांगितला का?" असे आपण म्हणतो तेव्हा आपण हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याचे व्यापारी नाव घेत असतो, हे आपल्या गावीही नसते.

विडाल अँड सोन हे त्या पेढीचे नाव. हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग येथे तिचा कारखाना होता, आणि १९२८ पासून तिच्या गाड्या टेम्पो या नावाने निघू लागल्या. तीन चाके का, याचे उत्तर यंत्रशास्त्रात कमी आणि कायद्यात जास्त आहे. जर्मनीत १९२८ पासून चारपेक्षा कमी चाके आणि लहान इंजिन असलेल्या गाड्यांना करात आणि परवान्यात सवलत मिळू लागली. छोटा दुकानदार, बेकरीवाला, कोळसेवाला यांना मोटार परवडत नव्हती आणि घोडा पोसवत नव्हता. त्यांच्यासाठी कायद्याच्या या फटीतून तीनचाकी मालगाडी जन्माला आली. एक चाक कमी केले की सरकार तुमच्याकडे मोटारवाला म्हणून पाहत नाही, इतका साधा हिशेब. युद्धानंतर १९४९ मध्ये त्यांनी हान्सेट नावाची गाडी काढली. पुढे एकच चाक, त्यालाच इंजिनची ताकद, तीही साखळीने दिलेली. दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, साधारण ४०० घनसेंटीमीटरचे. मागे मोकळा हौदा. पुढचे नाक असे लांब आणि गोलसर की लहानपणी आम्हाला ती गाडी सतत काही तरी हुंगत चालली आहे असे वाटे. जर्मनीत १९५६ मध्ये ती बंद झाली. लोकांच्या हाती पैसा आला होता, चौथे चाक परवडू लागले होते.

आणि तिथे बंद झाली तेव्हाच ती आपल्याकडे यायला निघाली.

आपल्याकडची परिस्थिती काय होती ते थोडे सांगावे लागेल. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला बाहेरून आणलेले भाग जोडून गाड्या तयार करायला आरंभ केला. फोर्डही त्याच काळात आली. पण स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. नुसती जुळणी नको. त्यावर १९५४ च्या सुमारास दोघींनीही गाशा गुंडाळला. जे टिकले त्यांत कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तो उभारणारे वालचंद हिराचंद म्हणजे आपल्या दुभाषी वाचकांनी आवर्जून आठवावे असे गृहस्थ. कुटुंब मूळचे वांकानेरकडचे गुजराती जैन, जन्म आणि जडणघडण सोलापूरची. तिथून १९४७ पासून डॉज आणि फार्गो नावाचे ट्रक निघू लागले. टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला तयार होऊ लागले. म्हणजे पाच-सात टनांची सोय झाली. पण ज्याला गल्लीतून तीस गाठी कापड न्यायचे आहे त्याच्यासाठी बैलगाडी आणि हातगाडी यांच्यापुढे काहीच नव्हते.

ही मधली जागा ज्यांनी हेरली त्यांत नवलमल कुंदनमल फिरोदिया यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. अहमदनगरचे हे मारवाडी जैन घराणे. वडील कुंदनमल फिरोदिया जुन्या मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमल स्वतः स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. बजाजांच्या भागीदारीत, विडाल कंपनीच्या सहकार्याने, १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. पहिला कारखाना मुंबईच्या गोरेगावला. १९६४ मध्ये तो पुण्याजवळ आकुर्डीला गेला. याच कंपनीची मॅटॅडोर १९६९ मध्ये आली आणि तीही आपल्या भाषेत सामान्यनाम होता होता राहिली. मूळ जर्मन कंपनी साठच्या दशकात हानोमागने गिळली आणि हानोमागचा तो धंदा पुढे डायम्लर-बेंझच्या पोटात गेला. इकडे बजाज टेम्पोनेही २००५ मध्ये फोर्स मोटर्स असे नाव घेतले. तेव्हा आता टेम्पो नावाची कंपनी ना एल्बेकाठी उरली ना मुळा-मुठेकाठी. शब्द मात्र तापीकाठी रोज हजार वेळा उच्चारला जातो.

सन १९५८ या तारखेपाशी मी बराच वेळ थांबलो. कारण तेव्हा गोरेगाव आणि सुरत एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जे विशाल द्विभाषिक मुंबई राज्य झाले, त्याला मराठी माणसाने संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गुजराती माणसाने महागुजरातच्या चळवळीने विरोध केला, आणि दोघांनीही आपापले हुतात्मे मोजले. ते राज्य साडेतीन वर्षे टिकले. त्या साडेतीन वर्षांविषयी पाठ्यपुस्तकात दोन ओळी असतात, मीही दोनच ओळी शिकवल्या. पण आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गाडीचे नोंदणीपुस्तक सापडले आणि मला त्या राज्याचा शिक्का प्रथमच हातात घेऊन पाहता आला. पहिली नोंदणी फेब्रुवारी १९६०, धुळे, पश्चिम खानदेश जिल्हा, मुंबई राज्य. म्हणजे राज्य मोडायला तीन महिने शिल्लक होते. त्यानंतरच्या कर भरल्याच्या नोंदी महाराष्ट्र राज्याच्या. मग १९७४ मध्ये आबांनी ती नवापूरच्या एका धान्यव्यापाऱ्याकडून घेतली तेव्हाचा ना-हरकत शिक्का, नवा नंबर आणि गुजरात राज्य. एका पुस्तकात तीन राज्ये. गाडी तेवढ्या काळात फार दूर हलली नव्हती.

नवापूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. तिथल्या रेल्वे फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. सरहद्द फलाटावरून गेली, माणसे त्याच बाकावर बसून राहिली. आबांनी नवापूर सोडले आणि सुरतेला आले त्याला ते कधी परप्रांतात जाणे म्हणत नसत. "खाली उतरलो" म्हणत. घाटावरून खाली, एवढेच.

सुरतेला तेव्हा अशा गाडीची किती गरज होती हे कापडाचा प्रवास पाहिल्यावर कळते. आर्ट सिल्कचे सूत एकीकडे येते, माग दुसरीकडे. मागावरून उतरलेला कोरा ताको (आपण तागा म्हणतो तोच) रंगाईसाठी उधना-पांडेसराच्या मिलमध्ये जातो. तिथून रंगून, छापून रिंग रोडवरच्या मार्केटात. मग घडी, पॅकिंग, पार्सल आणि पुन्हा ट्रान्सपोर्टच्या गोदामात. एक साडी गिऱ्हाइकाच्या अंगावर जाईपर्यंत गावातल्या गावात चार-पाच वेळा वाहिली जाते. आणि दर वेळी मोठ्या ट्रकाएवढा माल नसतो, रस्ताही नसतो. मुंबई-अहमदाबादच्या जुन्या गिरण्यांत सूत ते कापड एका आवारात होत असे. सुरतेने तो धंदा हजार तुकड्यांत वाटला, घराघरांत माग बसले. हे तुकडे शिवायचे काम टेम्पोने केले. कापडावर, मागांवर, मालकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याच्या चाकांवर तो सगळा डोलारा चालला त्याच्यावर कोणी लिहिल्याचे मला आढळले नाही.

आबा फेऱ्यावर पैसे घेत. दिवसाला किती फेरे झाले याच्या रेघा ते चालकाच्या आसनामागच्या पत्र्यावर खडूने ओढत. हिवाळ्यात कापडाला मंदी असली की कतारगामची पापडी वाहत. उंधियूसाठी सगळ्या गुजरातेत नावाजलेली ही पापडी तेव्हा खरोखर कतारगामच्या शेतांत होत असे. आता तिथे हिऱ्यांचे कारखाने आणि सात मजली इमारती आहेत, आणि पापडी दुसऱ्या गावांहून कतारगामच्या नावाने येते. तिच्या बाबतीतही गावाचे सामान्यनाम झाले म्हणायचे.

आता कामाकडे. गंज म्हटला की वरून खाल्लेले लोखंड डोळ्यांपुढे येते. या गाडीला गंजाने आतून खाल्ले होते. कारण सापडले ते दरवाजाचा आतला पत्रा काढल्यावर. आत वीतभर वाळलेला गाळ, मऊ, राखाडी. ऑगस्ट २००६ चा पूर. उकाईतून त्या वेळी नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आमच्या वाड्यात पाणी टेम्पोच्या काचेपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर आम्ही घर धुतले, भांडी धुतली, गाडीवर बाहेरून दोन बादल्या ओतल्या. तिच्या पोटात तापी राहून गेली हे कोणाच्या लक्षात आले नाही. हा गाळ दर पावसाळ्यात ओल धरतो आणि पत्र्याच्या दुमडीत ती सोडत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जोड फुगतात, उसवतात आणि आणखी ओल आत शिरते. मी तो गाळ एका बरणीत भरून ठेवला आहे. चुलतभाऊ त्याला माझे अस्थिकलश म्हणतो.

गंज काढण्याचे उपाय चार जणांनी चार सांगितले. एकाने काळ्या गुळाचे पाणी सुचवले, लोखंड त्यात पंधरा दिवस बुडवून ठेवायचे. मी बाजारात जाऊन पाच किलो काळा गूळ मागितला. दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मास्तर, तमे पण?" गुजरातेत दारूबंदी आहे आणि काळा गूळ कशासाठी लागतो हे पोरासोरांना ठाऊक आहे, हे त्या क्षणी मी विसरलो होतो. निमूटपणे लिंबूची फुले, म्हणजे आपले सायट्रिक ॲसिड, घेऊन परत आलो. लहान भागांना ते पुरले.

मोठ्या भागांना विजेचा उपाय केला. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेली वस्तू तारेने मध्ये टांगायची आणि बॅटरी चार्जरचे ऋण टोक तिला जोडायचे. धन टोक कडेने लावलेल्या टाकाऊ सळयांना. रात्रभरात सळया गंजाने माखतात आणि वस्तूवरचा गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशने निघतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. सळई स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. आणि बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, तेव्हा पिंप उघड्यावर हवे आणि जवळ विडी पेटवायची नाही. जरीच्या तारेवर विजेने मुलामा देणारे कारागीर सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्या एकाने माझे पिंप पाहून मान डोलावली आणि टोके उलटी जोडली आहेत एवढेच सांगितले. त्यापूर्वी दोन रात्री मी चांगले लोखंड विरघळवत होतो.

जिथे पत्राच उरला नव्हता तिथे कापून नवा जोडावा लागला. हे काम मेस्त्रीचे. माझे काम कागदाचे नमुने कापून देण्याचे, शाळेत नकाशे कापत असे तसे. हौद्याची फळी सागाची होती, ती मात्र पुरातूनही शाबूत निघाली.

इंजिनने खरा घाम काढला. दोन्ही पिस्टन सिलिंडरला धरून बसले होते. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि रॉकेलचे मिश्रण ओतून ठेवायचे, दर दोन दिवसांनी चाक हातभर हलवून पाहायचे. घण घालायचा मोह आवरायचा. पस्तिसाव्या दिवशी ते केसभर सरकले. उघडल्यावर दिसले की धुराच्या वाटा काजळीने जवळजवळ बुजलेल्या होत्या. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळते, त्याचे हे लेणे. क्रँकची रबरी सीले कुजली होती. ती गेली की इंजिन खालून हवा ओढते आणि चालू होतच नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात मी मापे घेऊन हिंडलो. मिळाले ते निम्मेच. बाकीची बुशिंगे कतारगाममध्येच झाली. हिऱ्याच्या घंटीचे सुटे भाग करणारा टर्नर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. ज्याच्या हाताला हिरा घासणाऱ्या चकतीचा लंगडेपणा कळतो त्याला टेम्पोचे बुश म्हणजे सुटीचे काम. त्याने पैसे घेतले नाहीत. त्याच्या वडिलांचे सामान सौराष्ट्रातून आले तेव्हा स्टेशनावरून आबांनीच आणले होते, असे म्हणाला.

रंग खरवडताना मात्र माझा हात थांबला. वरचा थर पिवळा, आबांनी नव्वदच्या आसपास दिलेला. त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर ब्रशने लिहिलेली गुजराती अक्षरे, शिरोरेघ नसलेली, "सुरत" एवढे वाचता येणारी. त्याखाली आणखी एक राखाडी थर, आणि त्याच्यावर ठसठशीत देवनागरीत "नवापूर", खाली "धान्य" आणि अर्धवट गेलेला एक शब्द. मी पॉलिशपेपर खाली ठेवला. आणखी दोन हात मारले असते तर नवापूर गेले असते. न मारावे तर मराठी दिसते आणि गुजराती गेलेले असते, कारण एक वाचायचे तर दुसरे घासावे लागते. उजव्या दरवाजावर मी दोन्ही अर्धी-अर्धी ठेवली, आणि वर नुसते तेल चोळले. मेस्त्रीला हे पसंत पडले नाही. त्याच्या मते गाडी नवी दिसली पाहिजे. त्याचेही खरे आहे, पण मी ज्यासाठी तिला वाचवत होतो तेच पुट्टीखाली गाडायचे तर भंगारवाला काय वाईट होता?

या गाडीचा मोठा प्रवास एकच. सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. आबांनी हौद्यात सतरंज्या टाकल्या आणि आमच्या गल्लीतल्या तीन खोल्यांतली माणसे भरली, त्यांत दोन गुजराती कुटुंबे होती ज्यांना जायला जवळचे गाव नव्हते. तोंडाला ओले रुमाल बांधून आम्ही निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड. इंजिन तापले की थांबायचे, विहिरीवरून पाणी आणून ओतायचे. नवापूरच्या अलीकडे काही गावकऱ्यांनी रस्त्यावर दगड लावले होते, सुरतेची माणसे आत नकोत म्हणून. आबा उतरले आणि बरेच बोलले. त्यांनी खाली मान घालून, हात जोडून बोललेले मी तेव्हाच पाहिले. शेवटी एका म्हाताऱ्याने गाडीचे नाक ओळखले. "ही तर आपल्या गावची गाडी," म्हणाला, आणि दगड बाजूला झाले. तिला गाव सोडून वीस वर्षे झाली होती. आम्ही महिनाभर तिथे राहिलो.

तो म्हातारा गाडीला ओळखत होता. कायदा तिला ओळखत नाही, हे मला नंतर कळले.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपूर्वी नोंदलेले, मूळ रूपात राखलेले वाहन "व्हिंटेज" म्हणून नोंदता येते. त्याला व्हीए ही अक्षरे असलेली वेगळी नंबरपट्टी मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यासाठी रस्त्यावर आणता येते. मी आनंदाने कागद जमवले. साठ वर्षांचे नोंदणीपुस्तक, तीन राज्यांचे शिक्के. मग व्याख्या नीट वाचली. ही सोय दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांनाच आहे, त्याही खाजगी, बिगरधंदेवाईक वापराच्या. मालगाडी त्यात नाही. तीन चाकेही नाहीत. म्हणजे आमची गाडी दोन्हीकडून बाहेर. संस्थानिकाची रोल्स वारसा ठरू शकते, वकिलाची फियाट ठरू शकते, आणि ज्या गाडीने शहर वाहिले ती मात्र फक्त जुने लोखंड. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा जुन्या मोटारींचा सुंदर संग्रह आहे, जरूर पाहावा असा. त्यातल्या चकचकीत पितळी दिव्यांपुढे उभा असताना मला राहून राहून आठवत होत्या त्या आसनामागच्या खडूच्या रेघा. तीनचाकी मालगाडी कायद्याच्या फटीतून जन्मली होती हे वर लिहिलेच आहे. गंमत अशी की, तिचे मरणही तशाच एका फटीत लिहिलेले निघाले.

नियम करणाऱ्यांना दोष द्यावा असेही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे धूर ओकत धंदा करणाऱ्या जुन्या मालगाड्या असणार, आणि आमची टू-स्ट्रोक गाडी धूर ओकते हे कोणी नाकारणार नाही. रस्त्यावर तिने पुन्हा फेरे मारावेत असे मलाही वाटत नाही. सन १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये "छोटा हाथी" आला, आणि या तीन चाकांची गरज खरोखरच संपली. पण धंद्याच्या वाहनाला इतिहास नसतो असे व्याख्येत गृहीत धरलेले मला मान्य नाही. एक पत्र लिहून मी ते कळवले आहे. पोच आली.

इंजिन दिवाळीच्या आधी, धनत्रयोदशीच्या सकाळी चालू झाले. अकरा वेळा दोरी ओढल्यासारखे फुसफुसले, मग एकदम फटफट करत सुटले, आणि वाडा निळ्या धुराने भरला. शेजारचे भाई धावत आले, आग लागली समजून. चुलतभावाने शब्द पाळला. नव्या घराच्या नकाशात जिन्याखाली आठ फूट जागा सोडली आहे, आणि नाक बाहेर राहील म्हणून फाटक एक हात पुढे घेतले आहे. पुढच्या दसऱ्याला गाडीला हार घातला तेव्हा भाईंनीही स्वतःच्या स्कूटरबरोबर तिला कुंकू लावले. भंगाराविषयी आता ते विचारत नाहीत. नातवंडांना हौद्यात बसवून फोटो काढतात.

डावा दरवाजा अजून तसाच पिवळा आहे. त्याखाली काय लिहिले आहे ते मला ठाऊक नाही, आणि कोणता थर ठेवायचा हे ठरेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.